संगीताचा प्रकल्प कसा करावा: ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्यांसाठी

ग्वाल्हेरात संगीताच्या विद्यार्थ्याला प्रकल्पाचा विषय विचारला की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: ‘ग्वाल्हेर घराण्याचं योगदान’. मग नत्थन पीरबख्शांपासून सुरुवात होते, हद्दू-हस्सू खाँ येतात, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ही गायकी महाराष्ट्रात घेऊन जातात, इकडे शंकर पंडित, कृष्णराव पंडित, राजाभैया पूछवाले, आणि शेवटच्या प्रकरणात घराण्याच्या भवितव्याची काळजी. असे प्रबंध कपाटात पुष्कळ आहेत. वंशावळ एकमेकांतून उतरवलेली असते. लिहिणारी मुलगी स्वतः टप्पा (वेगवान, गुंतागुंतीच्या तानांचा गानप्रकार) छान गात असली तरी तिच्या गळ्याचा त्या दोनशे पानांत मागमूस नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की संगीतातल्या प्रकल्पाचा प्रश्न ऐकून, गाऊन किंवा वाजवून पडताळता आला पाहिजे. आणि मार्गदर्शकाकडे जाताना दर वेळी काहीतरी ऐकवण्याजोगं बरोबर हवं. खाली जे सांगतोय ते सगळं याच्याच पोटात येतं.

नियमांचं थोडक्यात

मध्य प्रदेशात नवं शिक्षण धोरण २०२१-२२ च्या सत्रापासून लागू झालं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ घ्यायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि प्रकल्पाला १२ श्रेयांक असतात. एम.ए.चा लघुशोधप्रबंध आणि पीएच.डी. यांचे नियम वेगळे. तुम्ही राजा मानसिंह तोमर संगीत एवं कला विश्वविद्यालयात असा, माधव संगीत महाविद्यालयात असा की जीवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात, आपल्या अभ्यासक्रमाचा अध्यादेश स्वतः वाचा. वरच्या वर्गातल्या मुलांनी सांगितलेल्या नियमांवर विसंबू नका. त्यात तीन गोष्टी शोधा: प्रबंध कोणत्या भाषेत चालतो, सादरीकरणाला गुण आहेत का, आणि ध्वनिमुद्रण जोडता येतं का.

विषय लहान करत न्या

विषय सुचला की तीन प्रश्न विचारा. सामग्री ग्वाल्हेरात, फार तर एका दिवसाच्या प्रवासात मिळेल का? ती चीज (बंदिश), तो ताल, तो बाज (वादनशैली) मला कामापुरता तरी येतो का? उत्तर काय निघणार हे मला आत्ताच माहीत आहे का? पहिल्या दोन्हींना ‘हो’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ यायला हवं.

‘ग्वाल्हेरचा टप्पा’ एवढ्यावर प्रकल्प होत नाही. टप्प्याचं नाव शोरी मियाँशी जोडलेलं, शब्द पंजाबी, आणि ते गाणाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांतली माणसं. पंजाबी न कळणाऱ्या गळ्यांतून आलेले हे शब्द वह्यांत देवनागरीत कसे उतरले? एकच टप्पा दोन वह्यांतून, एका छापील पुस्तकातून आणि एका रेकॉर्डिंगमधून घ्या. शब्द कुठे बदलला, त्यामुळे तानेची तोड बदलली का, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येणारं अक्षर तेच राहिलं का, हे तपासा. हे एका सत्रात होतं, आणि परीक्षकासमोर गाऊन दाखवता येतं.

दुसरं उदाहरण. तानसेन समारोहाची परंपरा १९२४ पासूनची. २०२४ मध्ये शंभरावा समारोह झाला. त्याची सुरुवात शहरातल्या हजीरा भागात तानसेनांच्या समाधीपाशी शहनाई, ढोलीबुवा मठाची हरिकथा आणि मिलाद यांनी होते. संध्याकाळच्या मोठ्या कलाकारांवर सगळे लिहितात. सकाळच्या हरिकथेत निरूपणातून पदाकडे वळताना बुवा स्वर कुठे धरतात, भाषा कुठे बदलतात, साथीदार केव्हा आत येतात, यावर नेमकं काम करायला भरपूर जागा आहे. एका हरिकथेचं पूर्ण टिपण काढलं तरी तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प उभा राहतो.

तिसरं अगदी घरातलं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत आणि मंडळांत गणपतीत म्हटली जाणारी भजनं. किती चाली महाराष्ट्रातून आल्या, किती इथे हिंदी भजनांच्या संगतीत वळल्या? तुमची आजी हीच यातली पहिली जाणकार. तिला ‘स्रोत’ म्हणून प्रबंधात जागा द्यायला लाजू नका.

२०२३ मध्ये युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं सर्जनशील शहर म्हणून मान दिल्यापासून शहराच्या गौरवावर लिहायचा मोह वाढलाय. भाषणासाठी तो ठीक आहे, प्रकल्पात आवरा.

मराठी येण्याचा इथे मोठा फायदा आहे आणि आपली मुलं तो घेत नाहीत. संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चारही भाग मराठीत लिहिले, तेही गुरु-शिष्यांच्या संभाषणाच्या रूपात. क्रमिक पुस्तकमालिकाही मुळात मराठीच. वर्गात आपण हिंदी अनुवाद वापरतो. एखाद्या रागाबद्दलचं वाक्य संदिग्ध वाटलं तर मूळ मराठी पान उघडा, दोन्ही वाक्यं शेजारी लिहा. मार्गदर्शकाला दाखवण्यासारखी ही पहिली वस्तू.

निर्देशक आणि गुरुजी

इथे विद्यापीठात मार्गदर्शकाला ‘निर्देशक’ म्हणतात. तुमच्या तालमीचे गुरुजी ही बहुधा दुसरीच व्यक्ती असते. गुरुजी पाठांतर मागतात, निर्देशक प्रश्न मागतात. ही ओढाताण मनात ठेवून चालत नाही, सुरुवातीलाच दोघांच्या कानावर घाला. गुरुजींना विषय सांगताना परवानगीच्या सुरात सांगा: “गुरुजी, तुमच्याकडून घेतलेली हमीर रागातली चीज दुसऱ्या वहीत वेगळी सापडली. दोन्ही लिहून काढाव्या म्हणते. तुम्ही ऐकाल का?” ‘कोणती बरोबर’ हा शब्दप्रयोग टाळा. ‘कोणाकडून आली’ विचारलं की मोकळेपणानं बोलणं सुरू होतं.

ग्वाल्हेरपुरतं एक लक्षात ठेवण्यासारखं. इथे शिकवण्याच्या दोन वाटा शेजारी शेजारी वाढल्या. कृष्णराव पंडितांचं शंकर गांधर्व महाविद्यालय १९१४ चं. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांच्या सल्ल्यानं माधव संगीत महाविद्यालय काढलं ते १९१८ मध्ये, आणि त्याआधी इथल्या गवयांना भातखंड्यांची स्वरलेखनपद्धती शिकायला मुंबईला धाडलं. राजाभैया पूछवाले त्यांतले एक. त्यामुळे एकाच शहरात, एकाच रागात, दोन घरच्या चिजा वेगळ्या दिसल्या तर चकित होऊ नका. वही कोणत्या वाटेची आहे हे आधी विचारा.

निर्देशकांशी पहिल्याच भेटीत चार गोष्टी ठरवून घ्या: किती दिवसांनी भेटायचं, प्रत्येक वेळी काय आणायचं, मसुदा किती दिवस आधी द्यायचा, आणि रेकॉर्डिंग पुढे कोणाकडे राहणार. हे तोंडी झालं तरी त्याच संध्याकाळी नम्र संदेश पाठवून नोंद करा. “मॅडम, आज ठरल्याप्रमाणे दर दुसऱ्या शनिवारी मी एक स्वरलेखन आणि त्याचं रेकॉर्डिंग घेऊन येईन,” एवढं पुरे. हे औपचारिक वाटतं, पण परीक्षेच्या महिन्यात याच संदेशाचा आधार होतो.

एका पानाची रूपरेषा

सिनॉप्सिस विद्यापीठाच्या साच्यात द्यावीच लागते. त्याआधी स्वतःसाठी एक पान लिहा. पहिल्या ओळीत प्रश्न, तोही प्रश्नचिन्हासकट. मग सामग्री: कोणती वही, कोणतं पुस्तक, कोणती रेकॉर्डिंग, कोणाची मुलाखत, नावानिशी. मग तुम्ही त्या सामग्रीचं काय करणार. शेवटी, काम झाल्यावर परीक्षकाला काय ऐकायला मिळेल. ही शेवटची ओळ लिहिता आली नाही तर विषय अजून पिकलेला नाही.

नमुना: “एका विलंबित ख्यालाचा मुखडा (समेवर आणणारा सुरुवातीचा तुकडा) दोन वह्यांत आणि एका ध्वनिमुद्रणात कोणत्या मात्रेपासून उचलला आहे? तिलवाडा तालात लिहिलेली चीज प्रत्यक्ष गाताना मात्रांची वाटणी बदलते का? दोन्ही वह्यांतल्या पाठांचं स्वरलेखन, ध्वनिमुद्रणातल्या पहिल्या पाच आवर्तनांचं (तालाच्या फेऱ्यांचं) टिपण, आणि तिन्ही पाठ मी स्वतः तबल्यासोबत गाऊन केलेलं मुद्रण.” यात ‘योगदान’ हा शब्द नाही आणि त्याची उणीवही भासत नाही.

पूर्वी काय झालंय ते शोधायला शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) हिंदी, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत नाव टाकून पाहा. एकाच गायकाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं; पूछवाले, पूँछवाले, पुछवाले हे सगळे प्रकार करून बघा. महाराज बाड्यावरचं मध्यवर्ती पुस्तकालय आणि आपल्या कॉलेजचं ग्रंथालय इथे कार्डं चाळा. वाद्यांवर काम असेल तर जीवाजीगंजातलं सरोद घर, सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांच्या घराण्याची जुनी वास्तू, पाहिल्याशिवाय लिहू नका.

वह्या

इथली खरी सामग्री घराघरांत, ट्रंकेत आणि माळ्यावर आहे. वही मागायला एकटे जाऊ नका. घरच्यांच्या ओळखीचं कुणी मोठं माणूस, नाहीतर गुरुजींची चिठ्ठी बरोबर असावी. वही घरी नेऊ का असं विचारूच नका. तिथेच बसून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता प्रत्येक पानाचा फोटो घ्या, कोरी पानं आणि आतल्या चिठ्ठ्याचपाट्यांसकट. वही पालथी दाबून शिवण उसवू नका. पहिल्या फोटोत एका कागदावर वहीच्या मालकांचं नाव, तारीख आणि तुम्ही दिलेला क्रमांक लिहून ठेवा.

वाचताना तीन ठिकाणी पाय घसरतो. एक, साल. शके असेल तर ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. वर्षाच्या सुरुवातीमुळे एखाद्या वर्षाचा फरक पडतो, म्हणून शके १८४० समोर १९१८-१९ असं लिहावं. दोन, मोडी. हिशेबाच्या आणि देण्याघेण्याच्या नोंदी मोडीत असतात. अंदाजानं वाचू नका, जाणकाराकडून वाचून घ्या आणि त्यांचं नाव ऋणनिर्देशात घाला.

तिसरी जागा सगळ्यांत घातकी: स्वरलेखनाची चिन्हं. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू तार सप्तक दाखवतो, खालचा बिंदू मंद्र. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीत डोक्यावरचा बिंदू मंद्र दाखवतो आणि तार सप्तकासाठी वर उभी रेघ असते. भातखंड्यांकडे तीच उभी रेघ मध्यमावर आली की तो तीव्र. म्हणजे एकाच वहीत पद्धत ओळखायला चुकलात तर सगळी चीज एका सप्तकावरून दुसऱ्यावर उडी मारते. काही वह्यांत दोन्ही पद्धती मिसळलेल्या सापडतात, कारण लिहिणारा मधे कुठेतरी दुसऱ्या शाळेत शिकलेला असतो. ओळखायची सोपी खूण समेच्या चिन्हात आहे: भातखंड्यांकडे सम गुणिलेच्या फुलीनं आणि ‘खाली’ (टाळीऐवजी हात मोकळा सोडायची मात्रा) शून्यानं दाखवतात, पलुस्कर पद्धतीत सम १ नं आणि ‘खाली’ अधिकच्या चिन्हानं. खात्री होईना तर चीज दोन्ही तऱ्हांनी गाऊन बघा. रागाला न शोभणारी वाट लगेच कानाला कळते.

मुलाखत आणि रेकॉर्डिंग

उन्हाळ्यात ग्वाल्हेरला मुलाखत घेणं म्हणजे कूलरचा आवाज टिपणं. पंचेचाळीस अंशांत म्हाताऱ्या माणसाला कूलर बंद करा म्हणणं बरंही नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने मुलाखतींना द्या, उन्हाळ्यात टिपणं आणि लेखन करा. इनव्हर्टरची घूं घूं, फ्रिज, गल्लीतला भाजीवाला हे आधी पाच मिनिटं नुसतं बसून ऐका, मग जागा ठरवा. गाद्या-पडद्यांची आतली खोली बैठकीच्या रिकाम्या खोलीपेक्षा चांगली.

मोबाइल चालतो, पण विमान मोडवर टाका आणि वेव्ह (WAV) स्वरूपात मुद्रण करणारं अ‍ॅप वापरा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ही ध्वनिसंग्रहालयांनी मान्य केलेली किमान पातळी. स्टीरिओत मिनिटाला सुमारे १७ मेगाबाइट, म्हणजे तासाला साधारण १ गिगाबाइट जागा लागते; मोनोला निम्मी. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलेलं रेकॉर्डिंग दबून जातं, विश्लेषणाला निकामी होतं. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, जागा, कोण बोलतंय, तानपुऱ्याचा स्वर, एवढं बोला. त्याच रात्री तीन प्रती: लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, ऑनलाइन. पेन ड्राइव्ह बॅगेच्या खिशात आणि लॅपटॉप त्याच बॅगेत याला दोन प्रती म्हणत नाहीत.

प्रश्न थोडे आणि उघडे ठेवा. “काका, ही चीज पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलीत?” “तेव्हा ठेका कोण धरायचं?” “ही जागा ते कशी घ्यायचे, जरा म्हणून दाखवता?” तिसऱ्या प्रश्नावर माणूस गाऊ लागला की मधे ‘वा’ म्हणू नका, रेकॉर्डिंग बिघडतं. मान हलवा.

संमतीपत्र मराठी किंवा हिंदीत, मोठ्या अक्षरांत, अर्ध्या पानाचं असावं. मजकूर साधा: “हे मुद्रण मी माझ्या अभ्यासासाठी केलं आहे. प्रबंधात आणि परीक्षेत ते वापरीन. इंटरनेटवर टाकण्याआधी पुन्हा विचारीन. आपलं नाव द्यावं / देऊ नये. आपण केव्हाही हे मागे घेऊ शकता.” सही घ्या, एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. भारतीय कॉपीराइट कायद्यात गायक-वादकाला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो, म्हणून हा कागद शिष्टाचारापुरता नाही. आणि एखादं घर म्हणालं की ही चीज छापू नका, तर छापू नका. तिची वाटणी, तिचा ठेका, तिचा इतिहास लिहा. बोल आणि स्वरलेखन निर्देशकांना समक्ष गाऊन दाखवा. काम अडत नाही.

ऐकणं आणि मोजणं

पहिलं टिपण कानानं, वही-पेन्सिल घेऊन. त्यानंतरच सॉफ्टवेअर. ऑडॅसिटीत पट्टी न बदलता गती कमी करता येते, तानेसाठी ते उपयोगी. सॉनिक व्हिज्युअलायझरमध्ये स्वराची रेघ काढता येते आणि आवर्तनांवर खुणा ठेवता येतात. प्राट हे मूळ भाषाशास्त्रातलं साधन, एकट्या आवाजाचा स्वर मोजायला फार चांगलं. तिन्ही फुकट आहेत. पण तानपुरा आणि हार्मोनियम सोबत असेल तर यंत्र त्यांचाच स्वर गायकाचा म्हणून पकडतं. म्हणून मींडेचा (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा) किंवा आंदोलनाचा (स्वराच्या संथ झोक्याचा) अभ्यास करायचा असेल तर गायकाला विनंती करून तेवढा तुकडा साथीशिवाय घ्या, तानपुरा हेडफोनमध्ये.

सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत फळणारं मोजमाप म्हणजे लय. एका समेपासून पुढच्या समेपर्यंत किती सेकंद, ते टिपा. तिलवाड्याच्या १६ मात्रांना ३२ सेकंद लागले तर मिनिटाला ३० मात्रा. झुमरा तालाच्या १४ मात्रांना ६० सेकंद लागले तर मिनिटाला १४. ग्वाल्हेरची विलंबित लय मध्याकडे झुकलेली आणि इंदूरच्या अमीर खाँसाहेबांची अतिविलंबित, हे आपण नेहमी बोलतो. आकडा समोर आला की पुढचे प्रश्न सुचतात: पहिल्या आणि दहाव्या आवर्तनात किती फरक पडला? बोलबाँट (शब्दांची लयीत वाटणी) सुरू होताना लय ओढली गेली का? अंतऱ्याला? याचा एक तक्ता आणि त्यावर दोन पानं, हे माझ्या मते घराण्याच्या वैशिष्ट्यांच्या दहा पानांपेक्षा मोलाचं.

जुन्या तबकड्यांबाबत सावध राहा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. तीन मिनिटांत गायलेल्या ख्यालावरून “त्या काळी आलाप कमी करत” असा निष्कर्ष काढणं अन्याय आहे. गायकानं घड्याळाकडे बघून गायलंय. शिवाय सुरुवातीच्या तबकड्या सगळ्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. इंटरनेटवरची प्रत कोणत्या गतीनं वाजवून उतरवली हे माहीत नसतं, तेव्हा गायकाच्या पट्टीबद्दल त्यावरून विधान करू नका. आवर्तनातली वाटणी, मुखड्याची जागा, शब्द, यांना मात्र गतीनं धक्का लागत नाही. त्यावर खुशाल काम करा.

निर्देशकांच्या भेटी

रिकाम्या हातानं गेलात की भेट विषयांतरात जाते. दर भेटीला एक तुकडा न्या: अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग, त्याचं स्वरलेखन, आणि एक शंका. आधी ऐकवा, मग कागद द्या. कागद आधी दिला तर कान कागदाच्या मागे जातो.

निर्देशक किंवा गुरुजी “असं नसतं” म्हणाले की वाद घालू नका आणि खोडूही नका. “मग कसं, जरा दाखवता का?” म्हणा आणि ते जे गातील ते मुद्रित करण्याची परवानगी मागा. आता तुमच्याकडे तिसरा पाठ आहे, गाणाऱ्याच्या नावासह, तारखेसह. प्रबंधात तिन्ही शेजारी ठेवा. निवाडा करायची गरज नसते. पाठ कसा फिरला हे दाखवणं हेच काम. तरी तुम्हाला एखादा पाठ अधिक जुना वाटत असेल तर कारण द्या, वहीचं साल, शब्दाचं रूप, तालाची वाटणी. नुसता आदर किंवा नुसती आवड हे कारण होत नाही.

भेटीनंतर तारीख घालून तीन ओळी लिहा: काय ऐकवलं, काय सांगितलं गेलं, पुढे काय करायचं. या नोंदी एकत्र केल्या की ‘कार्यपद्धती’चं प्रकरण अर्धं लिहून झालेलं असतं.

सर्जनशील प्रकल्प असेल तर

स्वतःच्या बंदिशी, एखाद्या कवितेची चाल, वाद्यवृंदासाठी रचना, नाटकाचं संगीत, असं काही करायचं असेल तर ‘मला सुचलं’ एवढ्यावर गुण मिळत नाहीत. आधी स्वतःला बंधन घाला. “चार बंदिशी, चारही तिलवाड्यात, मुखडा प्रत्येक वेळी वेगळ्या मात्रेवरून,” किंवा “ग्वाल्हेरच्या घरांत बोलतो त्या मराठीत दोन छोटे ख्याल.” मराठीत ख्याल शोभतो का यावर जुना वाद आहे. तो निबंधात न घालता गाऊन पाहा. जोडाक्षरं विलंबितात कशी वागतात हे गाताना पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

प्रत्येक मसुदा मुद्रित करा, फेकून दिलेलासुद्धा. फाइलच्या नावात राग, क्रमांक, तारीख. शेजारी एक ओळ: का बदललं. “अंतऱ्यात षड्जावर फार लवकर पोचले”, “तबलजींना खाली सापडेना”, अशा ओळींतून पुढचा प्रक्रिया-लेख तयार होतो. परीक्षकाला तिसरा आणि सातवा मसुदा लागोपाठ ऐकवलेत तर तुमचं काम त्याला आपोआप दिसतं.

दुसऱ्याची कविता घेताना हक्क तपासा. कवीच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कवितेवर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे १९४१ मध्ये वारले. त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता आता मोकळ्या आहेत. श्योपूरला मराठी घरात जन्मलेले हिंदी कवी मुक्तिबोध १९६४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०२५ पासून मोकळं झालं. पण मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या साहित्याची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, आणि मुक्तिबोधांचं बरंच लेखन नंतर आलेलं आहे. तेव्हा निवडलेली कविता पहिल्यांदा कधी छापली ते बघूनच चाल बांधा. तांब्यांच्या कित्येक कवितांना गाजलेल्या चाली आहेत. ज्या कवितेची चाल तुमच्या कानात आधीपासून बसलीय ती घेऊ नका, सुटका होत नाही.

साथीदारांना पहिल्या तालमीआधी सांगा की मुद्रण होणार आहे आणि नाव कसं येणार आहे. वर्गमित्र असला तरी तबलजीला मानधन द्या, निदान येण्याजाण्याचा खर्च. सादरीकरण वीस मिनिटांचं असेल तर संगीत चौदा-पंधरा मिनिटांचंच बसवा. बाकी वेळ सूर जुळवणं, दोन वाक्यांची ओळख आणि परीक्षकांच्या ‘पुन्हा तो तुकडा’ याला जातो.

लिहून काढणं

लेखन स्वरलेखनापासून सुरू करा, प्रस्तावना सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे अजून कृतिदेवमध्ये (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) टाइप करून देणारे पुष्कळ आहेत. प्रबंध युनिकोडमध्येच करा, नाहीतर शोधगंगेत गेल्यावर तो कुणाला सापडणार नाही. स्वरलेखनासाठी वर्डमध्ये तक्ता घ्या, एका घरात एक मात्रा. युनिकोडची वैदिक चिन्हं इथे कामाला येतात: कोमलसाठी स्वराखाली अनुदात्ताची आडवी रेघ (ग॒), तीव्र मध्यमासाठी वरची उभी रेघ (म॑), मंद्रासाठी नुक्ता (ऩि, प़), तारासाठी अनुस्वार (सां, रें). कोणती पद्धत वापरलीत ते पहिल्याच पानावर चिन्हांच्या यादीसह लिहा. वहीतला पाठ दुसऱ्या पद्धतीतून उतरवला असेल तर मूळ पानाचा फोटोही जोडा.

हिंदी प्रबंधात मराठी उताऱ्याचा अनुवाद तुम्ही स्वतः करणार. मूळ मराठी ओळी तळटीपेत द्या. ऐकण्याजोग्या प्रत्येक विधानाशेजारी रेकॉर्डिंगमधली वेळ, मिनिट आणि सेकंद, लिहा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे. वंशावळ आणि रागांची शास्त्रीय माहिती जशीच्या तशी उतरवली की हा आकडा पहिल्या प्रकरणातच ओलांडला जातो. वादी (रागाचा मुख्य स्वर), संवादी (त्याखालोखालचा), वर्ज्य स्वर सगळ्यांना माहीत आहेत. तुमच्या चिजेत वादी खरोखर किती वेळा न्यासाला (थांबण्याच्या जागी) येतो ते मोजून लिहा, साम्याचा प्रश्नच मिटतो.

तोंडी परीक्षेला

छापील प्रतीबरोबर रेकॉर्डिंगचे तुकडे एका फोल्डरमध्ये, प्रकरणांच्या क्रमानं, आणि एक लहान स्पीकर. कॉलेजच्या स्पीकरवर भरवसा ठेवू नका. परीक्षक विचारतात, “तुम्हाला यातलं काय सापडलं?” उत्तर दोन वाक्यांत द्या आणि लगेच गा. तानपुरा ॲपवर नको. प्रत्यक्ष तानपुरा मिळवून लावून ठेवा, कारण लावतानाच अर्धी परीक्षा सुरू झालेली असते.

निकाल लागला की तीन ठिकाणी जायचं. ज्यांनी वही दाखवली त्यांच्या घरी फोटोंचा पूर्ण संच आणि तुमचं स्वरलेखन कागदावर छापून. पेन ड्राइव्ह आजोबा-आजींच्या कामाचा नसतो. ज्यांनी गाऊन दाखवलं त्यांना त्यांच्या मुद्रणाची प्रत. आणि कॉलेजच्या ग्रंथालयात प्रबंधासोबत मूळ वेव्ह फाइली, संमतीपत्रांच्या झेरॉक्स आणि फाइलींची यादी, यादीवर ग्रंथपालांची सही-शिक्का असलेली पोच घेऊन.